काढणारा दिसता कामा नये

या सदरातले अनुभव मी दर महिन्याला वाचते, आणि वाचून झाले की अंक नवऱ्याकडे सरकवते — "घ्या, या महिन्याचं भूत आलं." आमच्या घरातला हा खेळच आहे. ते फिजिक्सचे मास्तर. प्रत्येक अनुभवाच्या समासात पेन्सिलीने कारण लिहून ठेवतात : 'वाऱ्याने दार लागले', 'जागरण', 'आधी ऐकलेल्या गोष्टी'. तेव्हा आज मीच इथे लिहायला बसले आहे म्हटल्यावर घरात कसे चेहरे झाले असतील, ते तुम्हीच समजून घ्या...

माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. मी मूळची चाळीसगावची. वडील रेल्वेत, त्यामुळे बालपण क्वार्टरमध्ये गेलं. घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली पुस्तकांची फळी. नवस, अंगारे, दृष्ट काढणं यांना आमच्या उंबऱ्याच्या आत प्रवेश नव्हता. शेजारची बाई चिंचेवरच्या हडळीची गोष्ट सांगायला लागली की बाबा म्हणायचे, "आता दिसली की आमच्याकडे पाठवा. नळाला पाणी कधी येणार तेवढं विचारून घेतो." अशा बापाची मी लेक. म्हणून जे झालं ते मीठमसाला न लावता लिहिते, आणि पटलं नाही तर तुम्हीही खुशाल पेन्सील हातात घ्या.

मी धुळ्याला देवपुरात मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवते. सत्याऐंशी साली आमच्या शाळेचा ग्रुप फोटो काढायला नाना आले. धुळ्यातल्या गल्ल्यांना नंबर आहेत, त्यातल्याच एका गल्लीत खाली त्यांचा स्टुडिओ आणि वर घर. वय साठीच्या पुढे. पांढरा लेंगा, लांब सदरा, आणि डोक्यावर काळी टोपी — ती नेहमी डाव्या कानाकडे कललेली. व्हरांड्यात मी काढलेली जुन्या घरांची जलरंगातली चित्रं लावलेली होती. मुख्याध्यापिका खुर्चीवर ताटकळत बसल्या होत्या आणि नाना माझ्या चित्रांसमोर उभे.

"बाई, घरे चांगले काढेल शेतस," ते आपल्या अहिराणीत म्हणाले. "पन बठ्ठे एकाच वयाचे दिसतात."

मला असा राग आला म्हणता! दोन दिवस मी मनातल्या मनात त्यांना उत्तरं देत होते. तिसऱ्या दिवशी स्वतःची चित्रं नीट पाहिली, आणि म्हातारा खरं बोलला होता. पुढच्या रविवारी मी स्टुडिओच्या पायऱ्या चढले — घरांचं वय कसं दिसतं, ते विचारायला.

तेव्हापासून पाच वर्षं आम्ही रविवारी भटकत होतो. कधी चाळीसगावची पॅसेंजर, कधी एस.टी.ने साक्री, पारोळा, अमळनेर. नानांना जुन्या, उन्हापावसाने रापलेल्या इमारतींचं वेड होतं. देवळं नाहीत, किल्ले नाहीत. कापसाच्या जिनिंगच्या कचेऱ्या, तेलाच्या गिरण्या, रेल्वेची गोदामं, गावातली दुमजली दुकानं, डाक बंगले... ज्यांच्याकडे कोणी मान वर करून बघत नाही अशा. त्यांच्याकडे दोन भिंगांचा एक जर्मन कॅमेरा होता, लढाईच्या आधीचा. तो पोटाशी धरायचा आणि वरच्या धुरकट काचेत खाली बघायचं. त्यात सगळं चित्र उलटं दिसतं — डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे. एका रोलमध्ये बारा फोटो. पाठीमागे बोटाच्या पेराएवढी लाल खिडकी, तिच्यात फोटोचा आकडा दिसतो. मलाही त्यांनी एक जुना घडीचा कॅमेरा दिला होता, पण तो घेऊन मी जे करत होते ते आणि नाना जे करत होते ते, यात जमीनअस्मानाचं अंतर होतं.

त्यांची पद्धत सांगते. गावात पोचल्यावर कॅमेरा पिशवीतच राहायचा. नाना आधी इमारतीभोवती एक चक्कर मारायचे, मग दुसरी. मग जवळ जाऊन भिंतीवर तळहात ठेवायचे आणि चक्क तिच्याशी बोलायचे — "काय माय, बरी शेस ना?" मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तोंडाला पदर लावून हसले होते. लोक जमायचे. त्यांना वाटायचं आम्ही नगरपालिकेचे, पाडापाडीची मापं घ्यायला आलोय. नाना सांगायचे, "नही भाऊ. आम्ही फक्त वय विचारायला आलो." मग ते मला दाखवत सुटायचे. या बाजूचा चुना दोनदा धरलाय, ही वीट दुसऱ्या भट्टीची, या कमानीचा गवंडी डावखुरा असणार बघा. खिडकीखालची एक ओली रेघ दाखवून त्या घरात किती वर्षांपूर्वी पन्हळ फुटली होती ते सांगायचे, आणि घरमालकाला विचारावं तर ते खरं निघायचं. असं बघणारा माणूस मी आजवर दुसरा पाहिला नाही. आर्ट स्कूलमध्ये मला जे चार वर्षांत कोणी शिकवलं नाही ते या सातवी शिकलेल्या माणसाने साक्रीच्या बाजारात उभ्या-उभ्या शिकवलं.

आणि उन्हाची वाट बघणं... तासन् तास. मी चुळबुळ करायला लागले की म्हणायचे, "घाई काबरं, बाई? इमारत काय पळी जायी ऱ्हायनी का?"

बटण दाबायची वेळ आली की मात्र ते एक गोष्ट करायचे जी मला कधीच जमली नाही. काचेत बघून सगळं जुळवायचं, आणि मग मान वर करून थेट इमारतीकडे बघत बटण दाबायचं. "ज्याचा फोटो काढतो त्याच्याकडे बघावं. आपल्या यंत्राकडे काय बघायचं?" मी शेवटपर्यंत मान खाली घालूनच फोटो काढत राहिले. वर बघितलं तर सगळं हलेल अशी भीती वाटायची.

दुसरा त्यांचा नियम — काढणारा दिसता कामा नये. आपली सावली येऊ द्यायची नाही. काच असली तर तिच्यासमोर सरळ उभं राहायचं नाही, थोडं कडेला सरकायचं, नाहीतर आपणच काचेत उमटतो. या बाबतीत मी वर्गातली सगळ्यात ढ मुलगी. माझं काही ना काही फोटोत राहून जायचंच. एकदा छत्री, एकदा पर्स, आणि पारोळ्याला तर माझ्या चपला, दोन्ही, व्यवस्थित जोडीने. नाना प्रिंट बघून गंभीरपणे म्हणायचे, "वा. इमारत पण चांगली आली चपलांमागे."

फोटो चांगला साधला असला तर प्रिंटच्या उजव्या कोपऱ्यात नाना पांढऱ्या शाईने, बारीक टाकाने, गावाचं नाव आणि काढणाऱ्याचं नाव लिहायचे. साधला नसेल तर कोपरा काळाच. माझं नाव पाच वर्षांत तीन वेळा लिहिलं गेलं. पगारवाढीचाही मला कधी एवढा आनंद झाला नव्हता.

ब्याण्णवच्या उन्हाळ्यात नाना गेले. दुपारी जेवून लवंडले ते उठलेच नाहीत. मी देवपुरातून पांझरेचा पूल ओलांडून त्यांच्या गल्लीत पोचले तेव्हा अक्का — त्यांची बायको — भिंतीला टेकून बसल्या होत्या. रडून झालं होतं. मला बघून त्यांनी पहिलं वाक्य काय म्हणावं?

"माय, एक फोटू दे त्यासना."

घरात नानांचा फोटो नव्हता. एकही नाही. अर्ध्या धुळ्याची लग्नं, बारशी, शाळा ज्या माणसाने टिपल्या त्याच्या घरात त्याचा स्वतःचा चेहरा कुठेच नव्हता! लग्न झालं त्या काळात त्यांच्या खेड्यात कॅमेरा पोचलेला नव्हता, आणि नंतर जिथे-तिथे कॅमेऱ्यामागे नानाच. कुणी आग्रह केला तर म्हणायचे, "मी फोटो घेतो, देत नाही." अक्कांना वाटलं होतं, इतर कोणाकडे नसला तरी माझ्याकडे असणार.

"तू इतला साल त्यासना संगे फिरनी. एक बी नही काढा?"

मी मान हलवली. नव्हता काढला. पाच वर्षं, शंभरेक रविवार... भिंती काढल्या, दारं काढली, कड्या-कोयंडे काढले. ज्याच्यामुळे ते सगळं दिसायला लागलं त्या माणसाकडे एकदाही कॅमेरा वळवला नाही. त्या क्षणी मला स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी आयुष्यात कधी वाटलेली नाही.

तेराव्याला पाटावर फोटो ठेवतात, हार घालतात. अक्कांनी पाटावर नानांचा कॅमेरा ठेवला आणि त्याला हार घातला. आलेल्या लोकांनी त्यालाच नमस्कार केला. मी नमस्कार करत नाही सहसा. त्या दिवशी केला.

सगळे गेल्यावर अक्कांनी हार काढून कॅमेरा माझ्या मांडीवर ठेवला, आणि सोबत नानांची वही. "रोल आर्धा शे. तू पुरा कर." मग म्हणाल्या, "मी डोया मिटीसन त्यासले दखाले जास, माय. नाक याद येस तं डोया जातस. डोया धरस तं हसू जास. असं वाटस, एक दिवस बठ्ठं पुसाई जाई."

चाळीस-बेचाळीस वर्षं रोज पाहिलेला चेहरा, आणि तेरा दिवसांत निसटायला लागला होता.

घरी येऊन वही उघडली. नाना प्रत्येक फोटो वहीत लिहीत — आकडा, गाव, वेळ, ऊन कसं होतं ते — आणि काढून झाला की पुढे बरोबरची खूण करत. या रोलचे सात फोटो खूण केलेले. आठव्या ओळीत फक्त लिहिलेलं : 'चाळीसगाव. जिनची कचेरी, पश्चिमेची खिडकी. दिवाळीनंतरचं ऊन.' पुढे खूण नाही. कॅमेऱ्याच्या लाल खिडकीतही आठ हाच आकडा होता, म्हणजे फिल्म आठव्यावर आणून ठेवलेली, फोटो काढायचा बाकी.

ती खिडकी मला माहीत होती. स्टेशनच्या पलीकडे बंद पडलेलं एक कापसाचं जिन आहे, त्याच्या आवारात कचेरीची लहानशी दगडी इमारत. आम्ही दोनदा गेलो होतो आणि दोन्ही वेळा नाना कॅमेरा पिशवीतून न काढताच परतले होते. एकदा आभाळ होतं, एकदा म्हणाले, "ऊन अजून खिडकीच्या वरून जाई ऱ्हायनं. दिवाळी झाल्यावर खाली उतरेल." त्या इमारतीसाठी ते दोन वर्षं थांबले होते, आणि दिवाळी यायच्या आधीच गेले.

कॅमेरा मी माठाच्या फळीवर, गारव्याला ठेवला आणि थांबले. पहिल्यांदाच घाई न करता थांबले.

दिवाळी झाल्यावरच्या दुसऱ्या रविवारी निघाले. सकाळी अक्कांना सांगायला गेले तर त्यांनी स्टीलचा डबा हातात ठेवला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना नुकताच जाड भिंगांचा चष्मा मिळाला होता. डबा नवाकोरा, पितळी कडीचा, दिवाळीत त्यांच्या भावाने भाऊबीजेला दिलेला. "कळण्याची भाकर शे, ठेचा शे. टाइमवर खाई ले, उपाशी नको फिरू." हा डबा लक्षात ठेवा, पुढे तोच साक्षीला येणार आहे.

जिनच्या फाटकावर जुना रखवालदार होता, लाल फेट्याचा, भरघोस पांढऱ्या मिशांचा.

"आज एकट्याच, बाई? नाना नही उनात?"

नाना का आले नाहीत ते मी सांगितलं. त्याने फेटा काढून मांडीवर ठेवला. "चांगला मानूस व्हता. भितले हात लाईसन बोले." आणि फाटक उघडून देऊन तो आपल्या खाटेवर जाऊन बसला. आवारात माझ्याशिवाय कोणी नव्हतं. हे मी पुन्हा सांगते, कारण नंतर मला हे कैक वेळा विचारलं गेलंय.

काय देखणी इमारत होती ती! काळा दगड, सांध्यांतून पांढऱ्या चुन्याच्या रेघा, आणि पश्चिमेला पुरुषभर उंचीची एक खिडकी. तिच्या बाकीच्या काचा फुटलेल्या, पण मधली एक उभी, मोठी काच शाबूत — तिच्यातून तिरपा तडा गेलेला. आत काळोख. खिडकीला लागून तीन पायऱ्या आणि त्यांच्या कडेला घाणेरीचं झुडूप. शंभरएक वर्षांत त्या भिंतीवर ऊन-पावसाने जे काम केलं होतं ते कुठल्याही चिताऱ्याला जमणार नाही. मी एक चक्कर मारली, मग दुसरी. मग इकडेतिकडे बघून, कोणी नाही याची खात्री करून, भिंतीवर तळहात ठेवला. दगड उन्हाने कोमट झाला होता. बोलले मात्र काही नाही, लाज वाटली.

सव्वातीनच्या सुमाराला ऊन खिडकीत उतरलं. नाना म्हणाले होते तस्सं. तडा चांदीच्या तारेसारखा चमकायला लागला. मी आठ पावलांवर उभी राहिले, कॅमेरा पोटाशी धरला, त्याच्या काचेत बघितलं आणि जुळवलं. एक विचित्र गोष्ट सांगते — अनुभव म्हणावा असं त्या वेळी काहीही झालं नाही. ना अंगावर काटा, ना थंड झुळूक. फक्त मन फार निवांत होतं. कडेला सरकायचं मी विसरले. खिडकीच्या काचेच्या अगदी सरळ समोर उभी राहिले आणि, सवयीप्रमाणे मान खाली घालून, बटण दाबलं.

मग पायरीवर बसून भाकरी खाल्ली. म्हणजे खायला गेले तेव्हा लक्षात आलं की डबा पायरीवरच होता... फोटोभर. कपाळावर हात मारून घेतला. नानांच्या राखून ठेवलेल्या उन्हात, नानांच्या खिडकीखाली, माझा डबा! पण तोवर ऊन सरकलं होतं. उरलेले चार फोटो मी येता-येता स्टेशनच्या गोदामाचे काढले आणि रोल संपवला.

दोन दिवसांनी, शाळा सुटल्यावर, नानांच्याच डार्करूममध्ये मी रोल धुतला. दुसऱ्या दिवशी वाळलेल्या निगेटिव्हवरून आठव्याचा मोठा प्रिंट टाकला. लाल दिव्यात, ट्रेमधल्या पाण्यात भिंत हळूहळू वर आली, मग खिडकी, मग पायऱ्या, आणि मग ठळक, स्वच्छ, कडीसकट... डबा. मी तो ओला प्रिंट घेऊन वैतागून वर गेले. अक्का गच्चीत उन्हाच्या शेवटच्या पट्ट्यात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी प्रिंट चष्म्याजवळ धरला आणि किती महिन्यांनी कोण जाणे, खळखळून हसल्या.

"मना डबा! माय, तू इमारत काढाले गई व्हती का मना डबा?"

मीही हसले. आणि मग अक्कांचं हसू थांबलं. बोट डब्यावरून वर सरकत गेलं, खिडकीवर, मधल्या काचेवर.

"हाऊ कोन शे?"

"मीच असेन, अक्का. सरळ उभी राहिले ना, काचेत दिसते."

अक्कांनी प्रिंट आणखी जवळ धरला. मग अगदी हळू, कोणाला तरी रागावल्यासारखं म्हणाल्या, "कितला डाव सांगं व्हतं मी... टोपी सरळ घाला."

मी खाली धावत जाऊन रिटचिंगचं भिंग आणलं. काचेत एक माणूस उभा होता, कमरेपासून वर. लांब सदरा. पोटाशी दोन भिंगांचा कॅमेरा. काळी टोपी, एका कानाकडे कललेली. आणि मान वर... थेट समोर बघत. डोळे, नाक, ओठांच्या कडेचं ते जेमतेम हसू, सगळं सगळं. काचेतला तडा त्यांच्या खांद्यावरून गेला होता. अक्कांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की दुसऱ्या दिवशीही वळ होते.

आता आमच्या ह्यांच्याबद्दल. प्रिंट आणि निगेटिव्ह बघून त्यांनी चष्मा पुसला, पेन्सील घेतली आणि कोरा कागद पुढे ओढला. पहिलं कारण — रखवालदार. पण त्याला फेटा आणि मिशा, हातात कॅमेरा कुठून येणार? खोडलं. दुसरं कारण त्यांना फार आवडलं होतं. या जुन्या कॅमेऱ्यात फिल्म पुढे सरकवायला विसरलं तर एकाच जागी दोन फोटो एकावर एक पडतात. माझ्याकडून तसं झालेलंही आहे. "नानांनी मरण्याआधी जाऊन तो फोटो काढला असेल, वहीत खूण करायची राहिली असेल, फिल्म तिथेच राहिली, आणि तू त्यावरच काढलास!" विजयी मुद्रा. पण मग सगळंच दोनदा दिसायला हवं — दगडांच्या कडा, तडा, झुडूप. दोन माणसं, सहा महिन्यांच्या अंतराने, केसाचाही फरक न पडता एकाच जागी उभी राहतील का? फोटोत प्रत्येक रेघ एकेरी होती. त्यांनी भिंग लावून तासभर शोधलं.

आणि मग त्यांनीच तो प्रश्न विचारला जो माझ्याही पोटात होता.

"ते जाऊ दे. दोन फोटो एकावर एक असतील तर काचेत दोन माणसं हवीत. इथे एकच आहे. सरळ समोर तू उभी होतीस ना? मग तू कुठे आहेस?"

मी कुठेच नव्हते. वेणी नाही, पदर नाही, खाली घातलेली मान नाही. माझा म्हणून त्या फोटोत फक्त डबा होता, नाना गेल्यावर सहा महिन्यांनी घरात आलेला.

पुढच्या रविवारी ते मला घेऊन चाळीसगावला गेले. त्याच वेळी, त्याच कॅमेऱ्याने, खडूने आठ पावलं आखून प्रयोग केला. ते स्वतः झुडपाआड बसले. त्या फोटोत काचेत मी आहे — वेणी, पदर, मान खाली. जसं असायला हवं अगदी तसं. प्रयोग यशस्वी झाला आणि मास्तर नापास झाले. त्यांच्या कागदावर सगळी कारणं खोडलेली आहेत आणि तळाशी दोनच शब्द आहेत : 'माहीत नाही'. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे शब्द मी त्यांच्या अक्षरात त्याआधी पाहिले नव्हते. मला त्या दिवशी ते फार आवडले.

मी अक्कांसाठी नुसती ती काच मोठी करून, चेहऱ्याचा वेगळा प्रिंट करायला निघाले होते, हार घालता येईल असा. अक्कांनी नको म्हटलं. त्यांना अख्खा फोटो हवा होता, भिंतीसकट, डब्यासकट. फ्रेम करून नेला तर हारही नको म्हणाल्या. (अहिराणीत 'ते'ला 'त्या' म्हणतात.)

"काम करी ऱ्हायनात ना त्या. काम करनारा मानूसले हार कोन घालस?"

मग म्हणाल्या, "नाव लिख. कोपरा काळा ठेवू नको. फोटू चांगला शे."

मी नानांचा टाक आणि पांढऱ्या शाईची बाटली आणली, फ्रेम उघडून प्रिंट बाहेर काढला, गावाचं नाव लिहिलं आणि थांबले. काढणारा कोण? बटण माझ्या बोटाने दाबलं होतं. पण काचेत जो उमटतो तोच फोटो काढणारा, आणि काचेत मी नव्हते. मी टाक खाली ठेवला. म्हटलं, "अक्का, नानांचं नाव लिहिते. काचेत तेच आहेत. मी काही काढला नाही त्यांचा फोटो. पाच वर्षांत काढला नाही." आणि मग मला रडू आवरेना. नाना गेल्यापासून ते तसंच अडकून राहिलं होतं.

अक्कांनी मला रडू दिलं. मग चष्मा नीट केला आणि शांतपणे, गणित समजावल्यासारखं, म्हणाल्या, "काढनारा दिसाले नको, हाईच सांगेत ना त्या तुले? पाच साल हाईच सांगेत. मंग दख ना. आठे तू दिसस का? कोठेच नही. म्हंजे फोटू तूच काढा."

म्हणजे नानांचा फोटो मीच काढला होता. मी डोळे पुसले आणि टाक पुन्हा शाईत बुडवला.

हे कसं झालं ते मला आज इतक्या वर्षांनीही सांगता येत नाही. निगेटिव्ह माझ्याकडे आहे, कोणाला तपासायचं असेल तर यावं, चहा पाजीन. तुमच्याकडे एखादं कारण असेल तर ते मी मनापासून ऐकेन, कारण आमच्या घरचा कागद अजून पुरा झालेला नाही. फोटो अक्कांच्या घरी, त्यांच्या पलंगासमोरच्या भिंतीवर आहे. सकाळी उठल्या की त्या चष्मा लावतात आणि आधी तिकडे बघतात. उजव्या कोपऱ्यात पांढऱ्या शाईत 'चाळीसगाव' लिहिलेलं आहे आणि त्याखाली माझं नाव. अक्षर थोडं हललंय.